अठरा किलो म्हणजे किती मीटर?

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दोराचं दुकान आहे. दोर, जाळं, गळ, शिशाची वजनं, रंगाचे डबे आणि मे अखेरीपासून ताडपत्री. आमच्या धंद्यात दोर किलोवर विकतात. खलाशी मात्र वावेत मागतो. दोन्ही हात पसरले की एक वाव. गिऱ्हाईक म्हणतं, 'वीस वाव दी.' मी छाती फुगवून, हात ताणून वीस वाव मोजतो, काट्यावर टाकतो आणि किलोचे पैसे घेतो. आजोबांच्या वेळी किलोच्या जागी शेर होता, बाकी हेच चालू होतं. मीटर हा शब्द आमच्या दुकानात विजेच्या बिलापुरता यायचा.

गेल्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले. दुसऱ्या दिवशी दीड दिवसांचं विसर्जन. दुपारी बाराला नगरपालिकेचा शिपाई धापा टाकत दुकानात.

"भाऊ, दोर व्हयो. आत्ताच्या आत्ता."

"कसलो?"

"घाटार आडवो बांदूचो आसा. चाकरमानी आयकनत नाय, मोबाईल घेवन कमरेभर पाण्यात जातत."

मी बारा एमएमचा निळा दोर काढून दिला. त्यात एक पिवळा पदर असतो, लांबून उठून दिसतो. १८ किलो भरला. २६० रुपये किलोने ४,६८० रुपये. तो म्हणाला, "बिल लाव, दोन दिवसात पैशे मेळतले." देवाचं काम होतं. मी दोन दिवसांवर विश्वास ठेवला.

पंधरवड्याने पालिकेत गेलो. तिथे मला पहिल्यांदा कळलं, की बिल हे बिल नसतं. ते 'देयक' असतं, आणि देयक चालत नाही, ते 'सादर' होतं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सादर होत होत माझं देयक लेखा विभागात पोचलं होतं आणि तिथे त्याने बूड टेकलं होतं. लेखापाल सज्जन माणूस. त्यांनी फाईल उघडून पेन्सिलीने एक गोल दाखवला.

"तुमच्या देयकात किलो आहे. आमच्या साठा नोंदवहीत दोर मीटरमध्ये लिहितात."

"मग मीटरमध्ये लिहा."

"किती?"

मला उत्तर येईना. मी दोन्ही हात पसरून वाव समजावू लागलो. मागच्या माणसाचा चष्मा पडला.

"ऑडिटला मी हे असं दाखवू?" लेखापाल माझ्या पसरलेल्या हातांकडे बघत म्हणाले.

त्यांचंही चुकत नव्हतं. नगरपालिकेचे हिशोब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. आक्षेप निघाला, की त्याचं अनुपालन लिहीत बसायचं. नाही पटलं, तर रक्कम वसूलपात्र ठरते आणि सही करणाऱ्याच्या मानेवर बसते. माझ्या दोराने लेखापालांचा गळा आवळला जावा, अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. त्यातून खरेदी आधी झालेली, मंजुरी नंतर. म्हणजे सभेची 'कार्योत्तर मंजुरी' हवी.

"सभा कधी?"

"सभा कोणाची घेणार? नगरसेवकच नाहीत."

खरंच नव्हते. चार वर्षं प्रशासक कारभार बघत होते. मग निवडणूक लागली आणि माझा दोर आचारसंहितेत अडकला. २ डिसेंबरला मतदान झालं, पण निकाल २१ डिसेंबरला! एकोणीस दिवस यंत्रं कडीकुलपात आणि उमेदवार चहाच्या टपरीवर. निवडून आलेले सगळे माझ्या ओळखीचे. कुणी माझ्याकडून ताडपत्री नेलेली, कुणी उधारीवर रंग. निम्म्या जागा महिलांच्या, त्यामुळे काही उधारीदारांच्या बायकाही सभागृहात गेल्या. म्हटलं, आता काम झालंच.

दरम्यान पालिकेने मला एक कागद पाठवला, तोही शिपायाच्याच हातून. दुकानाची मालमत्ता कराची थकबाकी ३१ मार्चपूर्वी भरावी, अन्यथा दरमहा २ टक्के शास्ती. मी कागदाच्या पाठीवर हिशोब मांडला. ४,६८० वर दरमहा २ टक्के म्हणजे ९३ रुपये ६० पैसे. सप्टेंबर ते फेब्रुवारी सहा महिने, ५६१ रुपये ६० पैसे. तो हिशोब शिपायाला दाखवला. तो म्हणाला, "तां आमका लागू नाय. आमी शासन." आणि उन्हातून आल्यामुळे एक ग्लास पाणी मागितलं.

शेवटी फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची खास सभा लागली. विषयपत्रिका फलकावर लावलेली. विषय क्रमांक ११ : 'गणेश विसर्जनकामी घेणेत आलेल्या दोरखंडाचे खर्चास कार्योत्तर मंजुरी देणेबाबत.' माझा दोर छापून आलेला बघून छातीत जरा कालवलं. बायको म्हणाली, "सदरा इस्त्रीचा घालून जा." दुकान पोरावर टाकून गेलो.

सभा लोकांना बघायला खुली असते, हे बहुतेक लोकांना माहीत नसतं, कारण कोणी जात नाही. प्रेक्षकांत आम्ही तिघेच. मी, एक निवृत्त शिक्षक आणि पंख्याखाली झोपायला आलेले एक आजोबा. नगरसेवक आणि आमच्यामध्ये दोर बांधलेला होता. मी खुर्चीत बसलो, सवयीने दोराला हात लावला आणि हात तिथेच राहिला. निळा. बारा एमएम. एक पिवळा पदर.

माझाच!

टोकाला जाळलेली गाठही माझीच. मेणबत्तीवर टोक जाळून अंगठ्याने दाबायची सवय मला आहे, त्यामुळे माझ्या प्रत्येक दोराच्या टोकाला माझ्या अंगठ्याची चपटी खूण असते. पैसे न मिळालेल्या दोरामागे मी स्वतः बसलो होतो.

सभा सुरू झाली. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं. मग अंदाजपत्रकाचं वाचन. कोटींचे आकडे असे सरकत होते, जसे एसटीच्या खिडकीतून माड सरकतात. त्यातला बराचसा पैसा आधीच बांधलेला असतो, हे मला त्या दिवशी समजलं. वित्त आयोगाचा 'बंधित' निधी पाणी आणि स्वच्छतेलाच लावायचा. महिला व बालकल्याणाला ५ टक्के, दिव्यांगांना ५ टक्के, दुर्बल घटकांना ५ टक्के. पगार आहेत, पथदिव्यांची बिलं आहेत. जकात होती तेव्हा पालिकेचा स्वतःचा गल्ला होता. नाक्यावरचा कारकून माझ्या वडिलांच्या दोराच्या गोणीत सळई खुपसून बघायचा. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली आणि बदल्यात सरकारी अनुदान आलं. तेव्हापासून पालिका अनुदानाची वाट बघते आणि माझ्यासारखे पालिकेची. अंदाजपत्रक अर्थातच शिलकी होतं. तुटीचं अंदाजपत्रक मांडायला आमच्याकडे कुणाची प्राज्ञा नाही. कोटींच्या अंगावर शेवटी लाख-दीड लाख शिल्लक ठेवतात, ताटात वरणभातावर लिंबाची फोड ठेवावी तशी.

साठवण टाकी, भुयारी गटार, डांबरीकरण... दहा मिनिटांत सर्वानुमते मंजूर. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे विचारायच्या आत हात वर. आजोबांची कूससुद्धा बदलून झाली नव्हती.

मग एका सदस्यांनी स्थानिक बाजारपेठेवर भाषण केलं. फार चांगलं बोलले. म्हणाले, लोक साबणसुद्धा मोबाईलवरून मागवतात, हमरस्त्यावरच्या मोठ्या मॉलमध्ये जाऊन तूरडाळ आणतात, बाजारपेठेतली शटरं एकेक करून खाली येताहेत. सोमवारी मालवण, मंगळवारी सावंतवाडी, बुधवारी कुडाळ करत फिरणारा आठवडा बाजारचा विक्रेतासुद्धा रडकुंडीला आलाय. पालिकेच्या गाळ्यांची भाडी वाढली, फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, पण बसायची जागा अजून आखलेली नाही. "आपण आपल्या गावातल्या दुकानदाराकडूनच खरेदी केली पाहिजे!" मी दोराला धरून मान डोलावली. निवृत्त शिक्षकांनी टाळी वाजवली आणि शिपायाने त्यांना गप्प केलं.

पुढचाच विषय कचऱ्याच्या डब्यांचा. खरेदी सरकारी जेम पोर्टलवरून, पुरवठादार परराज्यातला. भाषणवाल्या सदस्यांनी अनुमोदन दिलं. डबे हवेत, यावर वादच नव्हता. वेंगुर्ल्याने आपल्या डंपिंग ग्राउंडचं बघायला जावं असं ठिकाण केलं, तेव्हापासून कोकणातल्या प्रत्येक पालिकेला ते दाखवून टोमणा मारता येतो. पण डबा आमच्या नाक्यावरच्या प्लास्टिकवाल्याकडेही होता. त्याला पोर्टलवर नोंदणी करता येत नाही, कारण ओटीपी येतो तो मुंबईतल्या मुलाच्या फोनवर आणि मुलगा तेव्हा लोकलमध्ये असतो.

विषय क्रमांक ११ आला तेव्हा सभागृह खडबडून जागं झालं. भुयारी गटार कोणाला दिसत नाही, दोर सगळ्यांना समजतो.

"४,६८० चा दोर?" विरोधी गटनेते उठले. "सोन्याचा होता काय?"

"नायलॉनचा," मुख्याधिकारी म्हणाले.

"किती मीटर?"

"देयकात १८ किलो आहे."

"मी मीटर विचारतोय! जनतेचा पैसा आहे!"

"घाटाची लांबी किती? त्यावरून काढा ना," दुसरे एक म्हणाले.

"भरतीची की ओहोटीची?" अभियंत्यांनी विचारलं. ते मनापासून विचारत होते.

इथून पुढे पाऊण तास. पूर्वी विसर्जनाला दोर लागत नव्हता, आत्ताच का लागतो? काथ्याचा का घेतला नाही? नारळ आपल्याकडे होत नाहीत काय? दरपत्रकं मागवली होती का? शेवटी खारवीवाड्यातून निवडून आलेल्या वहिनी उठल्या. त्यांच्या दोन होड्या आहेत, माझं जुनं गिऱ्हाईक.

"दोर वजनारच मेळता," त्या म्हणाल्या. "बारा एमएमचो आसा ना? मग किलोक साधारण धा मीटर पकडा."

सभागृहात प्रथमच कोणी तरी दोराविषयी बोललं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण सभालिपिकाने पेन वर धरून विचारलं, "'साधारण' हा शब्द इतिवृत्तात कसा घ्यायचा?"

"मग प्रत्यक्ष मोजा!" गटनेते गरजले. "दोर आहे कुठे?"

मुख्याधिकाऱ्यांनी अभियंत्यांकडे बघितलं, अभियंत्यांनी आरोग्य विभागाकडे, आरोग्य विभागाने छताकडे.

"विसर्जनावेळी उधाणात वाहून गेला," कोणी तरी म्हणालं. लिपिकाने ते लिहून घेतलं.

मी दोर दोन्ही हातांनी वर उचलला. "हा बघा! हाच तो!"

"गप बस!" शिपाई धावत आला. "प्रेक्षकांका बोलूची परवानगी नाय!"

"अरे, पण तूच नेलंस ना!"

"नेलंय तां खरा. पण तां मी ऑफिसात सांगीन. हय नाय."

नगराध्यक्षांनी घंटी वाजवली. 'सबब, दोर वाहून गेल्याबाबतचा अहवाल प्राप्त करून विषय पुढील सभेपुढे ठेवणेत यावा.' सर्वानुमते.

सभा संपल्यावर चहा आला. सगळे तिकडे वळले तसा मी दोर सोडवला आणि हात पसरून मोजू लागलो. एक वाव, दोन वाव... साडेचार वाव भरला. म्हणजे १८ किलोंतला जेमतेम किलोभर. उरलेला कुठल्या गोठ्यात, कुठल्या परसात कपडे वाळत घालायला गेला, देव जाणे. पाचव्या वावेला शिपायाने खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, पालिकेची मालमत्ता आसा ती."

"पैसे दिले नाहीत, तर मालमत्ता कशी?"

तो विचारात पडला. पण नियम त्याच्या बाजूने असावा, कारण त्याने दोर काढून घेऊन पुन्हा बांधला. गाठ चुकीची मारली. ती मीच सोडवून नीट मारून दिली. चुकीची गाठ मला बघवत नाही.

घरी बायकोने विचारलं, "झालं का?" मी सदरा काढून खुंटीला लावला. तिने पुढे काही विचारलं नाही, फक्त सोलकढी जरा जास्त वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावतोय, तोच शिपाई दारात.

"भाऊ, सायबांनी धा किलो दोर सांगितल्यानी. शिमगो इलो, पालखीक गर्दी आवरूक व्हयो. बिल लाव."

मी काही बोललो नाही. आतून पोराच्या घरबांधणीच्या वेळची पोलादी टेप काढली, दोराचं एक टोक शिपायाच्या हातात दिलं आणि म्हटलं, "चल मागे."

तो रस्त्याने मागे मागे निघाला. सलूनवाला, भजीवाला, मेडिकल. मी एकेक टेप मोजून वहीत लिहीत होतो. मीटरच्या पुढे किलो, किलोच्या पुढे कंसात वाव. दोर पोस्टाच्या पेटीपर्यंत गेला, तेव्हा पलीकडून एसटी आली आणि दोरापुढे थांबली. ड्रायव्हर जुना खलाशी. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय रे, किती वाव?"

"वाव नाय, मीटर!" पोस्टाच्या पेटीपासून शिपाई ओरडला. "कडक धर रे भाऊ, ढिलो नको! ऑडिट आसा!"