कारण मला झेरॉक्स काढायचीय

मे महिन्यात लोक गावी जाऊन आंबे खातात, समुद्रावर जातात, मी यंदा झेरॉक्सच्या रांगेत उभा होतो. आजोबांची जमीन बाबांच्या नावावर कधी झालीच नाही, आता बाबाही नाहीत, म्हणून वारस नोंद करायची होती आणि आमचा सातबारा म्हणजे सातबारा नाहीच, लग्नाच्या आमंत्रणांची यादी आहे, 38 नावं, त्यातल्या निम्म्या माणसांचं तोंड आमच्या घरात कोणी बघितलेलं नाही. कचेरीतल्या माणसाने गठ्ठ्याकडे न बघताच सांगितलं, सगळ्याचा एक सेट झेरॉक्स जोडा. मोजली तर 22 पानं.

समोरच पत्र्याचं दुकान, एक मशीन, एक टेबलफॅन, आणि फॅनचं तोंड मशीनकडे, माणसं गेली घामात. माझ्यापुढे नऊ जण. चेस्टर कार्लसन नावाच्या अमेरिकन माणसाला ऑफिसात पेटंटच्या कागदांच्या नकला करून करून वैताग आला होता म्हणून त्याने हा उद्योग शोधला, पहिली कॉपी निघाली 22 ऑक्टोबर 1938 ला. झेरॉक्स हा शब्द ग्रीक 'झेरॉस' वरून आलाय, म्हणजे कोरडा. कोरडा! आमच्याकडे मे मध्ये बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे कागदाचं काय, दोन-दोन पानं चिकटून आत जातात आणि मशीन अडकतं. मग मालक त्याचं पोट उघडून सुइणीच्या सफाईने चुरगळलेलं पान बाहेर काढतो आणि रांगेतले सगळे मान लांब करून बघतात, काय झालं, काय झालं.

तेवढ्यात एक काकी आल्या. "भाऊ, वायच माका पुढे सोडशात? माका एकच झेरॉक्स मारूची हा."

मी म्हटलं, या ना या.

त्या पुढे गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. अहो, मला पण झेरॉक्सच मारायची होती! तिथे भजी खायला कोण उभं होतं?

गंमत म्हणजे हे मी वाचलेलं होतं. एलेन लँगर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमध्ये हाच प्रयोग केला, 1978 साली छापून आलाय, आणि तो पण झेरॉक्स मशीनपाशीच. पाच पानं आहेत, मशीन वापरू का, एवढंच विचारलं तर 60 टक्के लोक हो म्हणाले. घाई आहे असं कारण दिलं तर 94. आणि 'मला झेरॉक्स काढायचीय म्हणून' असं कारण नसलेलं कारण दिलं तर 93! म्हणजे 'म्हणून' ऐकलं की बहुतेकांची मान आपोआप हलते. मला हे आठवून फार बरं वाटलं, आपण फसलो पण शास्त्रीय पद्धतीने फसलो.

या आनंदात मी असतानाच एक जण "माजी एस्टी सुटतली" म्हणत पुढे गेला, एक कॉलेजची पोरगी "काका, आज लास्ट डेट आहे" म्हणत गेली, आणि मग एक बाई आली तिने नुसती पिशवी उघडून दाखवली. "बांगडे आसत, नासतले हो." अख्खी रांग बाजूला झाली. बांगड्यापुढे कोकणात कोर्टाची स्टे ऑर्डर पण टिकणार नाही.

स्टॅन्ली मिलग्रॅम नावाच्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या रांगांमध्ये मुद्दाम माणसं घुसवून बघितली होती, तो अभ्यास 1986 ला छापून आला. एकटा माणूस घुसला तर निम्म्याहून थोड्या जास्त वेळाच कोणीतरी हरकत घेतली, बाकी वेळी सगळे गप्प. आणि हरकत घेतात ते मुख्यतः घुसणाऱ्याच्या मागचे, त्यातही जो लगेच मागे असतो त्याच्याकडे सगळे बघत राहतात, की हा बोलेल. इथे लगेच मागे प्रत्येक वेळी मीच. माझ्या मागच्यांच्या नजरा मला मानेवर टोचत होत्या, डास चावावे तशा.

पाऊण तास झाला. म्हटलं आता आपणच प्रयोग करू. पुढे टोपीवाले एक आजोबा होते, हातात पिवळं पडलेलं पाकीट. मी शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हटलं, "आजोबा, मला जरा पुढे जाऊ देता? मला झेरॉक्स काढायचीय."

आजोबा सावकाश वळले. "मगे आमी हय काय पत्ते खेळूक इलंव?"

रांग खदाखदा हसली, काकी पण हसल्या, त्यांचं काम होऊन त्या अजून तिथेच सावलीला उभ्या होत्या. लँगरबाईंच्या प्रयोगाचा पुढचा भाग मला तेव्हा आठवला. पाचच्या जागी वीस पानं असली की पोकळ कारणाचा काही उपयोग होत नाही, कारण न देता विचारलं तरी 24 टक्के, पोकळ कारण दिलं तरी 24च, आणि खऱ्या कारणाला 42. माझी 22 होती.

"किती पानां?" आजोबांनी विचारलं. मी गठ्ठा दाखवला. झालं, न्यूयॉर्कमध्ये संभाषण इथे संपलं असतं, आमच्याकडे इथून सुरू होतं. खयचे तुमी, वाडी खयची, कोणाचो झील, आजो काय करी होतो. मी सांगत गेलो. आजोबांनी चष्मा लावला, माझा सातबारा ओढून घेतला आणि बोट फिरवत फिरवत खाली आले.

"अरे, मगे तू आमचोच! ह्यो बघ, सत्तावीस नंबराक मी आसंय."

मी पटकन वाकून नमस्कार केला. म्हटलं, मग तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात?

"तुमच्याच नोंदीक हरकत घालूक इलंय," आजोबा म्हणाले आणि पाकीट दाखवलं, अगदी प्रेमाने. मग दुकानदाराला हाक मारली, "ह्याका पयलो घे रे, घरचो आसा."

मी पुढे गेलो. माझं पहिलं पान मशीनमध्ये शिरतंय तोच मागून आवाज आला, "आणि दोन शेट काढ, एक माका होयो." 44 पानांचे 88 रुपये झाले, ते मीच दिले.