रसेलनेही तिला रसेल म्हटलं नव्हतं

गेल्या पावसाळ्यात पुतण्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, कराडजवळच्या आमच्या रानात कडब्याच्या गंजीखाली वेटोळं घालून बसलेलं जनावर, आणि खाली लिहिलं "अजगराचं पिल्लू". मी इथे एडिंबरात चहा घेत होते, फोटो मोठा करून बघते तोवर आत्याचा व्हॉइस मेसेज, "हात लावू नका रं, परड हाय ती, पाठीवरची साखळी बघा." आत्या चौथीपर्यंत शिकलेली. परत बघितलं तर खरंच, काळ्या कडेचे तपकिरी ठिपके एकामागे एक, साखळीच्या कड्यांसारखे, आणि डोकं त्रिकोणी. घोणस होती. सर्पमित्र येऊन घेऊन गेले.

मग वाद सुरू झाला तो निराळाच. गावच्या शाळेच्या भिंतीवर विषारी सापांची चित्रं रंगवायची ठरलीत, तर खाली नाव काय लिहायचं, रसेल वायपर की घोणस? अर्धे म्हणतात की डॉक्टरला इंग्रजी नावच कळतं, मुलांना तेच शिकवा, आणि बाकीचे म्हणतात गोऱ्याचं नाव आपल्या सापाला कशाला, पुसून टाका. सगळं वाचलं मी, आणि मला घोणसच पाहिजे, पण ती गोऱ्याच्या रागापोटी नको.

कारण हा रसेल इथलाच, एडिंबरात जन्मलेला. पॅट्रिक रसेल, ईस्ट इंडिया कंपनीतला डॉक्टर, विशाखापट्टणमच्या बाजूला राहून त्याने साप गोळा केले आणि १७९६ साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचं पुस्तक काढलं. त्यात या सापाला त्याने तिथल्या लोकांकडून ऐकलेलं तेलुगू नाव दिलंय, कटुक रेकुल पोडा. स्वतःचं नाव नाही! ते दुसऱ्या वर्षी इंग्लंडातल्या लोकांनी लावलं. म्हणजे ज्याच्या नावावरून भांडण चाललंय तो माणूस स्वतः गावातल्या लोकांना विचारून नाव लिहीत होता.

आणि आपला शब्द तर किती जुना. संस्कृतात गोनस, म्हणजे गाईच्या नाकाचा, आणि घोणस असंही रूप आहे, घोणा म्हणजे नाक. ज्यांनी घोणस जवळून बघितलीय त्यांना पटेल, तिच्या नाकपुड्या डोळ्यात भरण्याइतक्या मोठ्या असतात आणि चिडली की कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज करते. नाव ठेवणाऱ्याने नीट बघून ठेवलंय.

इथे स्कॉटलंडात विषारी साप एकच, ॲडर. त्याचा शब्दही गमतीदार आहे, मुळात तो नॅडर होता, बोलताबोलता सुरुवातीचा न आधीच्या शब्दाला चिकटला आणि ॲडर उरला, इथल्या गेलिक भाषेत मात्र न अजून शाबूत आहे. पण इथे त्या शब्दावर कुणाचा जीव अडलेला नाही. ब्रिटनमध्ये ॲडर चावून शेवटचा मृत्यू १९७५ साली झाला. टेकड्यांवर फिरायला जाताना कुत्र्याला सांभाळा एवढंच सांगतात, सापाला मारलं तर कायद्याने गुन्हा. मी मुलांना घेऊन निवांत फिरते आणि मनात मात्र आमचं रान असतं, कारण भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, वर्षाला ५८ हजार. बहुतेक खेड्यातली.

डॉक्टरला इंग्रजी लागतं हे म्हणणं मला म्हणून पटत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर आपल्याकडे प्रतिविष एकच दिलं जातं. रक्त वीस मिनिटं साध्या काचेच्या नळीत ठेवून गोठतंय का ते बघतात, घोणशीचा दंश असेल तर बऱ्याचदा गोठत नाही. म्हणजे दवाखान्यात पोचल्यावर पुढचं ते बघतील. खरी अडचण दवाखान्याच्या आधी आहे, रानात, जिथे पोरगं अजगराचं पिल्लू समजून हात घालतं नाहीतर चावल्यावर घरचे म्हणतात काही नाही, बिनविषारी होतं, आणि दोन तास तिथेच जातात. तिथे रसेल वायपर म्हणणारा कुणी नसतो, परड म्हणणारी आत्या असते.

आणि आत्याच्या पिढीनंतर हे शब्द राहणार नाहीत याची मला खरंच काळजी वाटते. कोकणातल्या मैत्रिणीकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात, तिच्या मुलाला ते कळलंच नाही, त्याला वाटलं विड्याचं पान.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की भिंतीवर मोठ्या अक्षरात घोणस लिहा, त्याच्याखाली परड आणि कांडर ही तिचीच दुसरी नावं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात रसेल वायपर. चित्रात साखळी नीट काढा, पेंटरला फोटो दाखवा, आणि रंगवून झालं की मुलांना दाखवायच्या आधी आत्याला नेऊन दाखवा. ती हो म्हणाली तरच बरोबर.