सगळं हिरवं दिसलं पाहिजे

तुमच्या बँकेच्या काउंटरवर काचेला सुतळीनं बांधलेली एक पाटी असेल: 'लिंक नाही'. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, त्यावर निळा मार्कर, कोपऱ्यात चहाचा डाग. तालुक्याच्या गावातली नागरी सहकारी बँक म्हटली की ही पाटी आलीच. यंदाच्या वार्षिक सभेत कुणा सभासदानं तिच्यावरून टोमणा मारला, संचालक मंडळ बसलं आणि चौदा शाखांच्या नेटवर्कवर नजर ठेवणारी यंत्रणा घ्यायचा ठराव झाला. ती बसवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं, कारण मागच्या वर्षी तुम्ही अडकलेला प्रिंटर चालू करून दाखवला होता. घाबरू नका. मी या वाटेनं जाऊन आलोय.

सुरुवात टीव्हीपासून करा. सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न नंतरचा. १९९९ साली दुसऱ्याच नावानं सुरू झालेलं नागिओस आहे, २००१ पासूनचं झॅबिक्स आहे, दोन्ही फुकट मिळतात आणि तीच त्यांची खोट आहे. फुकटच्या वस्तूचं कोटेशन येत नाही. तीन कोटेशनं आल्याशिवाय तुलनात्मक तक्ता होत नाही. तक्त्याशिवाय बिल मंजूर होत नाही. पंचावन्न इंची टीव्हीची मात्र तीन काय, सात कोटेशनं येतील. तो चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या पाठीमागच्या भिंतीवर लावा. येणाऱ्या पाहुण्याला तो समोर दिसतो आणि ज्यांनी बघायचं त्यांची त्याच्याकडे पाठ असते. यापेक्षा शांततेची मांडणी मला तरी सुचलेली नाही.

मग शोधमोहीम. आपल्याकडे यंत्रं किती आहेत ते शाखेशाखेत जाऊन लिहून काढायचा मोह तुम्हाला होईल. डेडस्टॉक रजिस्टर काढावंसं वाटेल. काढू नका. नादुरुस्त म्हणून निर्लेखित केलेला सर्व्हर तिथे चालू निघेल, त्याच्यावर पिग्मी एजंटांचा सगळा हिशेब असेल आणि मग त्याचं काय करायचं हे ठरवायला आणखी एक सभा लागेल. त्यापेक्षा शोधायचं काम सॉफ्टवेअरवर सोडा. ते विचारतं, कुठून कुठपर्यंत शोधू? खरं तर तुमच्या शाखांतल्या यंत्रांचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे घरनंबर, चौदा छोट्या पट्ट्यांत मावतात, एकेका पट्टीत २५४. पण हात आखडता घेऊ नका. दहापासून सुरू होणारी अख्खी पेठ लिहून द्या. त्यात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१४ पत्ते येतात. सेकंदाला एक दार वाजवलं तरी १९४ दिवस लागतील आणि तेवढे दिवस 'काम कुठपर्यंत आलं?' या प्रश्नाला 'डिस्कव्हरी चालू आहे' हे उत्तर शंभर टक्के खरं असेल.

मुहूर्त ३१ मार्चचा, दुपारी बाराचा. त्या दिवशी सगळी यंत्रं चालू असतात, एकही सुटत नाही. जाताजाता ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या तेवढ्या नंबरच्या दारावरही टकटक करा. नेटवर्क प्रिंटर त्या दारातून जे आत येईल ते निमूटपणे छापतो. एनमॅप हे १९९७ पासूनचं पोर्ट तपासायचं नावाजलेलं साधन. कुठल्या दारामागे काय चालतं हे ओळखताना ते हे दार आपणहून वगळतं, कारण प्रिंटर कागदांचा ढीग ओकतात हे ते लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. तुम्ही ती सूट काढून टाका. वर्षअखेरीच्या गर्दीत कर्ज विभागाचा प्रिंटर अगम्य अक्षरांची पानं टाकू लागला की यंत्रणा कामाला लागल्याची पावती सगळ्या कर्मचाऱ्यांना एकदमच मिळते.

यादीत जे सापडेल त्याची लाज बाळगू नका. वसुलीवाल्यांच्या टेबलाखाली कुणीतरी स्वतःच्या पैशानं आणलेला वायफाय राऊटर असेल. सीसीटीव्हीचा डीव्हीआर असेल, अजून कारखान्यातून आलेल्याच पासवर्डवर. हजेरीच्या अंगठा-मशीनला आणि व्यवस्थापकांच्या संगणकाला एकच पत्ता दिलेला असेल. दोघं आळीपाळीनं बंद का पडतात याचा उलगडा तिथे होईल, पण तो मनातच ठेवा. मोबाइल हल्ली आपला खरा मॅक पत्ता, म्हणजे यंत्र कुठल्या कंपनीचं ते सांगणारा कारखान्यातला क्रमांक, सांगत नाहीत, बनावट सांगतात, त्यामुळे क्लार्कच्या खिशातला फोन कुठल्याच कंपनीचा निघत नाही. अशांना 'अननोन १' पासून पुढे आकडे द्या. 'अननोन ८७' पर्यंत गेलात की यादी भरगच्च दिसते.

यंत्रांशी बोलायची भाषा एसएनएमपी. तिच्या जुन्या आवृत्त्यांत परवलीच्या शब्दाला 'कम्युनिटी' म्हणतात आणि कित्येक यंत्रांत तो कारखान्यातूनच 'पब्लिक' असा येतो. हा शब्द बदलू नका. बँक सभासदांची, पैसा जनतेचा, ब्रीद 'विना सहकार नाही उद्धार', मग परवलीचा शब्द 'पब्लिक' नको तर काय हवा? शिवाय तो तारेवरून उघड्या अक्षरांत जातो, म्हणजे कारभारही पारदर्शक. नाव, पासवर्ड आणि सांकेतिक लिपी मागणारी तिसरी आवृत्ती २००२ सालीच पूर्ण मानक म्हणून मान्य झाली आहे, हे कुणी सांगू लागलं तर सांगू द्या. आपण त्या सालच्या लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवालही अजून दिलेला नाही.

आता खरा विषय, अलर्ट. इथे कंजुषी नको. प्रत्येक गोष्ट 'क्रिटिकल' ठेवा: राऊटर बंद, क्रिटिकल, टोनर पंधरा टक्के, तोही क्रिटिकल. सगळे संदेश सगळ्यांना, मेलवर, एसएमएसवर आणि ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संचालकांचे सूर्योदय-गुलाबाचे सुप्रभात येतात त्याच ग्रुपवर. सॉफ्टवेअरला खरं तर सांगता येतं की कोण कुणाच्या मागे आहे. मुख्य कार्यालयाचा राऊटर गेला तर मागच्या शाखा मेलेल्या नाहीत, फक्त तिथपर्यंत पोचता येत नाही, एवढा फरक नागिओसला कळतो आणि ते एकदाच बोंब मारतं. पण त्यासाठी आधी नकाशा काढावा लागतो, कुठली वायर कुठे जाते ते बघावं लागतं, रॅकच्या मागे वाकावं लागतं. वाकू नका. नकाशा नसला की एका राऊटरपायी दोनशे संदेश येतात. पहिल्या रात्री पावणेतीनला येतील तेव्हा व्यवस्थापक तुम्हाला फोन करतील. दुसऱ्या रात्री शिव्या देतील. तिसऱ्या रात्री काहीच होणार नाही, कारण सगळ्यांनी ग्रुप म्यूट केलेला असेल, आठ तासांसाठी नव्हे, कायमचा. इथे यंत्रणा स्थिरावली असं समजावं.

चेअरमनसाहेब मात्र ग्रुपवर असतात. 'कोअर स्विच डाऊन' या संदेशाखाली त्यांचा अंगठा येतो. तो जपून ठेवा, पुढे कार्योत्तर मंजुरी म्हणून दाखवता येतो.

आलेखांविषयी थोडक्यात. लाइनवरून किती बाइट गेले याची मोजणी बत्तीस बिटांच्या काउंटरवर राहू द्या. तो ४२९ कोटींच्या थोडा वर गेला की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा शून्यावर येतो. गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर हे ३४ सेकंदांत होतं आणि आपण विचारतो दर पाच मिनिटांनी. मधल्या वेळात मीटर आठ-नऊदा फिरून गेलेला असतो आणि आलेखावर गावतळ्यासारखं संथ पाणी दिसतं. चौसष्ट बिटांचे काउंटर मिळतात, पण ते लावले तर रेघ वर जाते आणि रेघ वर गेली की कुणीतरी का म्हणून विचारतं.

'यंत्र चालू आहे' हे ठरवायला पिंग पुरे. माइक मूस यांनी १९८३ साली ते लिहिलं, नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून दिलं. हाक मारायची, ओ आली की जिवंत. बँकेचं मुख्य सॉफ्टवेअर सकाळपासून गोठलेलं असलं, तरी खालचा सर्व्हर हाकेला ओ देतोच. आपल्याकडे हाकेला ओ देणारा प्रत्येक जण कामाला उठतो का? मग सर्व्हरकडूनच ही अपेक्षा कशाला?

नजर ठेवणारा संगणक त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर, त्याच लाइनवर ठेवा. वीज गेली की सगळे एकत्र जातील, तक्रार करायला मागे कुणी उरणार नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास जगभर बंद होतं, तेव्हा बिघाड शोधायची त्यांची आतली साधनंही त्याच बिघाडात अडकली होती. एवढ्या मोठ्या लोकांचं जे झालं ते आपलं होण्यात कमीपणा नाही. आणि या संगणकाला प्रत्येक यंत्राचा अॅडमिन पासवर्ड देऊन टाका, पुन्हा पुन्हा विचारायला नको. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या अशाच पाळत-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच हल्लेखोर आत शिरल्याचं उघड झालं, ते अपडेट सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत गेलं असावं असं कंपनीनंच सांगितलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ही म्हण आपली, म्हणून काय ती आपल्यालाच लागू पडते असं थोडंच आहे.

देशाची सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेले निर्देश तुमच्या टेबलावर येतील. लॉग, म्हणजे यंत्रांनी आपोआप केलेल्या नोंदी, १८० दिवस जपा, घड्याळं जुळवा आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. यातला 'लक्षात आल्यापासून' हा शब्दप्रयोग दोनदा वाचा. म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये आणि पाठीमागच्या टीव्हीवर काही लक्षात येत नाही, त्यामुळे सहा तास सुरूच होत नाहीत. लॉगचं म्हणाल तर साठाव्या दिवशी डिस्क भरेल. त्याचाही अलर्ट येईल, क्रिटिकल.

राहता राहिले शिपाईमामा. त्यांना या सगळ्यातलं काही सांगू नका आणि त्यांना काही विचारूही नका. एसटी स्टँडसमोर जेसीबी उभा दिसला की ते सायकल लावायच्या आधी आत येऊन म्हणतात, "साहेब, आज फायबर तुटणार." मॉडेमच्या तिसऱ्या दिव्याचा रंग त्यांना कळतो. पावसाळ्यात कुठल्या शाखेच्या छतातून पाणी स्विचवर गळतं, उंदीर कुठल्या पाइपातून येतो, जनरेटरचं डिझेल कोण पळवतं, हे सगळं त्यांना पाठ आहे. ते कुठल्याच यादीत नाहीत, त्यांना आयपी पत्ता नाही आणि जूनमध्ये ते निवृत्त होणार आहेत.

परवा अकरा वाजता टीव्हीवर सगळं हिरवं होतं. पाहुणे कौतुक करत होते. बाहेर रांगेत कुजबुज सुरू झाली तेव्हा मामांनी टेबलाच्या खणातून पुठ्ठा काढला. काउंटरची काच नवी बसवलीय, सुतळीला भोक नाही, म्हणून ते थेट केबिनमध्ये गेले. टीव्हीचा ब्रॅकेट ठोकताना खालचा एक स्क्रू अर्धा बाहेर राहिलाय. पाटी त्याला बरोबर बसते.