मेश घेतला म्हणून मोडेम काढू नका

सोलापुरातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीने दिलेला मोडेम भंगार असतो, तो काढून मेश राउटर (एकच वायफाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे) लावा, स्पीड दुप्पट होईल. अँटेना जितके जास्त तितकी रेंज जास्त. आणि जुना मोडेम ठेवायचाच असेल तर त्याच्या वायफायला मेशचंच नाव-पासवर्ड द्या, दोन्ही मिळून एक मेश होतो.

माझ्या साखर पेठेतल्या आत्याने हे वाचून मेश घेतला आणि तिचं नेट दोन दिवस बंद पडलं. म्हणून हे लिहितोय.

आधी मोडेम काढण्याचं. फायबरच्या जोडणीत आपण ज्याला मोडेम म्हणतो तो खरं तर ओएनटी. काचेच्या तंतूतून आलेला उजेड तो वाचतो आणि साध्या नेटवर्क वायरीतून जाईल असा संकेत तयार करतो. घरगुती मेशच्या डब्यांना सहसा फक्त इथरनेटचे, म्हणजे त्या साध्या नेटवर्क वायरीचे पोर्ट असतात, पिवळी फायबर त्यांत बसतच नाही. आत्याकडे दुकानातून आलेल्या मुलाने हिरव्या टोकाची ती वायर उपसली, भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडली आणि मोडेम माळ्यावर ठेवून दिला. मी गेलो, वायर परत जोडली, तर एलओएसचा, म्हणजे फायबरचा सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकत होता. "अरे, डबा तर नवा आणलाय, मग हा लाल दिवा कशाचा?" आत्या विचारत होती. फायबर इतकी वाकली की उजेड वाटेतच गळतो, ओएनटीपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या दिवशी लाइनमनने येऊन वायर बदलली तेव्हा दिवा हिरवा झाला.

स्वतःचा ओएनटी घेता येतो का? ऑपरेटर चालवून घेत असेल तर येतो, पण मनाला येईल तो नाही. फायबरवरून नेट देण्याच्या दोन जाती आहेत, जीपॉन आणि ईपॉन. तुमच्या ऑपरेटरची यंत्रणा यातली कोणती, यावर पहिली निवड ठरते. एका जातीचा डबा दुसऱ्या जातीच्या लाइनवर चालत नाही. एक्सपॉन लिहिलेले डबे दोन्हीकडे चालतात. तरीही ऑपरेटरने त्याचा सिरीयल नंबर किंवा मॅक पत्ता (डब्याचा ओळख क्रमांक) आपल्या यंत्रात चढवल्याशिवाय नेट सुरू होत नाही. शिवाय बऱ्याचदा पीपीपीओईचं (ऑपरेटरकडे लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (ऑपरेटरच्या लाइनवरचा नेटचा मार्ग ओळखायचा आकडा) लागतो तो वेगळाच. त्यामुळे आधी ऑपरेटरला फोन, मग खरेदी. हा क्रम उलटला की पैसे अडकतात.

स्पीड दुप्पट होण्याबद्दल. प्लॅन 100 एमबीपीएसचा असेल तर कुठलाही राउटर त्याचे 200 करणार नाही. लॅपटॉप वायरने थेट मोडेमला जोडा आणि मोजा. तिथे 90-95 येत असतील आणि वरच्या खोलीत 15, तर दोष वायफायचा, आणि तिथे मेशचा खरोखर उपयोग आहे. वायरवरच 40 येत असतील तर मेशवर एक रुपया घालू नका, ऑपरेटरकडे तक्रार करा.

आता यातली फसगत. प्लॅन 200 किंवा 300 चा आणि वायरवर मात्र 94-95 च्या पुढे आकडा सरकत नाही, असं असेल तर मोडेमचा पोर्ट बघा. बऱ्याच स्वस्त ओएनटींना एकच गिगाबिट (1000 एमबीपीएसचा) पोर्ट असतो, बाकीचे 100 चे. पोर्टखाली किंवा लेबलवर जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे 100. मेशचा मुख्य डबा जीईलाच जोडायचा. पोर्ट बरोबर असूनही आकडा अडला तर वायर तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात. क्लिप मारताना एक तार नीट बसली नाही तरी जोडणी गुपचूप 100 वर उतरू शकते. मेशसाठी मोडेम निवडताना मी सगळ्यात आधी हा पोर्ट बघतो, वायफायची पिढी त्यानंतर.

अँटेनांचं थोडक्यात सांगतो. प्रसारणाच्या ताकदीला कायद्याने मर्यादा आहे, अँटेना वाढवून ती वाढत नाही. जुन्या सोलापुरातल्या काळ्या दगडाच्या जाड भिंतीपुढे सहा अँटेनाही हतबल होतात. दारावर सोलापुरी चादर टांगलेली चालेल, पण मोडेम लोखंडी कपाटामागे असेल तर सिग्नल तिथेच परततो.

एकच नाव-पासवर्ड देणं हा सर्वांत घातक सल्ला. नाव सारखं असलं तरी मोडेमचं वायफाय मेशच्या ताब्यात येत नाही. फोन जिन्यात पोचला तरी खालच्या मोडेमलाच चिकटून राहतो. त्यात मोडेमही राउटिंग (घरातल्या उपकरणांना पत्ते देऊन नेटशी जोडणं) करतो आणि मेशही, म्हणजे डबल नॅट, एका घरात दोन वेगळी नेटवर्कं. मग एकीकडे जोडलेला प्रिंटर दुसरीकडच्या फोनला सापडत नाही, ऑनलाइन गेम अडखळतात. उपाय दोन. ऑपरेटरला मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा, म्हणजे तो संकेत नुसता पुढे देईल; राउटिंग मेशच्या मुख्य डब्याने करावं. ऑपरेटर तयार नसेल तर मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा, म्हणजे राउटिंग मोडेम करेल आणि मेश फक्त वायफाय देईल. दोन्हीत मोडेमचं वायफाय बंद.

मेसेजमधलं एक मान्य: कोपऱ्यातला एकटा मोडेम दुमजली घराला पुरत नाही.

आत्याकडे आता ब्रिज मोड आहे. केसिंग पट्टीतून एक कॅट-5ई नेटवर्क वायर जिन्याने वर नेली, दुसरा डबा त्या वायरीने जोडला. दोन डब्यांमधलं अंतर हवेतून कापायचं असतं तर दगडी भिंतीने अर्धा वेग खाल्ला असता. मोडेम आणि खालचा डबा एका मिनी यूपीएसवर, वरचा दुसऱ्या. परवा लाइट गेली तरी गच्चीलगतच्या खोलीतला माझ्या आतेभावाचा ऑनलाइन क्लास चालूच होता.