व्हीलचेअर नको, आइल सीट बघा

थोडं झोंबेल, पण लिहितेच. परदेशात असलेल्या मुलांनी आपल्या चालत्याफिरत्या आईवडिलांसाठी विमानतळावर परस्पर व्हीलचेअर बुक करणं आता थांबवावं. ज्यांचे गुडघे खरंच गेलेत, हृदयाचं दुखणं आहे, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. त्यांना खुर्ची मिळायलाच हवी. आणि नेमकं त्यांनाच ताटकळत बसावं लागतं, कारण पुढच्या खुर्च्यांवर रोज पहाटे आमराईला फेऱ्या मारणारी मंडळी विराजमान असतात.

मी सांगलीची, पोस्टातून निवृत्त झालेली. लेकीच्या बाळंतपणासाठी शिकागोला निघाले तेव्हा ह्यांना येणं शक्यच नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घरात कुणीतरी हवंच. म्हणजे मी एकटी. मुंबईहून अबू धाबी, तिथून शिकागो. दुसरं विमान चौदा-पंधरा तासांचं. लेकीनं तिकिटाबरोबर व्हीलचेअरही टाकून ठेवली होती. "अगं आई, सगळेच घेतात. तो माणूस तुला थेट इमिग्रेशनपर्यंत नेतो, तुला तोंड उघडायची वेळच येत नाही." म्हटलं, आधी ती काढ.

भीती वाटत नव्हती असं नाही. निघायच्या आधीचा आठवडा पोटात सतत गोळा. पर्स उघडायची, पासपोर्ट बघायचा, पर्स मिटायची, आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत यायचं, कारण मघाशी पाहिला तो नक्की पासपोर्टच होता ना? रात्री उठून तेच. ह्यांनी शेवटी वैतागून विचारलं, "त्याला काय पाय फुटणारेत का?" पोस्टात अख्ख्या गावाची रजिस्टर्ड पत्रं सांभाळली, तेव्हा कधी अशी झोप उडाली नव्हती.

त्यात भेटायला येणारे. प्रत्येकाकडे एक गोष्ट तयार. कुणाच्या विहीणबाईंना म्हणे विमानतळावरूनच परत पाठवलं. कुणाची बॅग तिसऱ्याच देशात गेली. लेकीचे व्हॉइस मेसेज वेगळे: "'बाळ सांभाळायला आले' असं म्हणू नकोस, इमिग्रेशनवाले त्याला काम समजतात." अगं, मी मुलीकडे राहायला चाललेय, नातवंड बघायला चाललेय, एवढं सरळ उत्तर असताना पाठांतर कशाला? उत्तरं पाठ करायला लावली की माणूस खरं बोलतानासुद्धा अडखळतो.

या सगळ्या भडिमारात कामाच्या गोष्टी मोजक्याच होत्या, आणि त्या सांगितल्या शेजारच्या काकूंनी. त्यांचा मुलगा दुबईत असतो. एक, लाडवात खसखस घालायची नाही. अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते, आणि माझं विमान तिथंच बदलणार होतं. दोन, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात टाकायच्या नाहीत. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतात म्हणून मनाई आहे. तीन, जेवण निवडताना 'हिंदू मील' घ्यायचं नाही, कारण ते शाकाहारी असेलच असं नाही. 'एशियन व्हेजिटेरियन' सांगायचं. असली माहिती हातात आली की भीती आपोआप कमी होते. 'काळजी घे हं' ऐकून ती वाढते.

कारण आमची भीती विमान पडण्याची नसते. एवढ्या वयात त्याचं फार वाटत नाही. भीती असते ती चारचौघांत फजिती होण्याची. खिडकीपलीकडचा साहेब काहीतरी विचारणार, आपल्याला कळणार नाही, मागे रांग खोळंबणार. आता यावर खुर्ची काय करणार? ती पायांसाठी असते. सोबत हवी असेल तर तसं मागावं. विमान कंपन्यांकडे 'मीट अँड असिस्ट' म्हणून सोय असते, कुठे तिचे पैसे पडतात. तिकीट काढतानाच विचारा. आईला आजारी ठरवायची गरज नाही.

अबू धाबीला माझ्याच वयाच्या एक बाई दिसल्या, भिंतीकडेला खुर्चीत बसवून ठेवलेल्या. कराडच्या. मी मराठी आहे हे साडीवरून ओळखलं त्यांनी. "ताई, जरा बाथरूमपर्यंत येता का? तो पोरगा 'इथंच बसा' म्हणून गेलाय, उठले तर रागवेल." म्हटलं, चला. तर बाई उठून माझ्या पुढं तरातरा चालायला लागल्या.

अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं. २०१४ पासून ही सोय आहे. शिकागोला उतरल्यावर मग देशांतर्गत विमानातून आल्यासारखं बॅगा घेऊन बाहेर पडायचं. माझ्या मते एकट्यानं पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी हा रस्ता उत्तम, चौदा तासांनी आंबलेल्या डोक्यानं उत्तरं द्यावी लागत नाहीत. अधिकाऱ्यानं विचारलं, कुणाकडे, किती दिवस, खायचं काय आणलंय. लाडू, मेतकूट, गोडा मसाला, सगळं सांगून टाकलं. खाण्याचं सांगितलं म्हणून दंड होत नाही. लपवलं तर होतो. मग त्यानं स्क्रीनवर बॅगेचा फोटो दाखवला, तुझीच का? ह्यांनी हँडलला बांधलेली परकराची लाल नाडी त्यात ठसठशीत दिसत होती!

विमानाचं म्हणाल तर विशेष काही नाही, फक्त ते संपत नाही. आत हवेचा दाब साधारण ६००० फुटांवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्याही वर आपण रात्रभर बसलेलो असतो. हवा कोरडी. घशाला कोरड पडते, पाय सुजतात, चपला घट्ट होतात. म्हणून पाणी प्यायचं आणि अधूनमधून उठायचं, आणि त्यासाठीच आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेची. खिडकीशी बसलं की दोन झोपलेल्या माणसांना उठवायच्या संकोचानं आपण पाणीच पीत नाही. संडासात मिणमिणता उजेड असतो, कडी पूर्ण सरकवली की लख्ख होतो. हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी आधी अंधारातच चाचपडत होते. मध्येच कधीतरी, सगळे झोपलेले असताना, थोडं रडूही आलं. कारण काही नाही.

आता कमेंटमध्ये येणारच, "आमच्या आईला इंग्रजी येत नाही." मला तरी कुठं धड येतं? निदान अबू धाबीपर्यंत हिंदीवर निभावतं. गेट सापडेना म्हणून गणवेशातल्या एका मुलाला मोडक्या इंग्रजीत विचारलं, तर तो म्हणाला, "काकू, कुठं जायचंय?" रत्नागिरीचा निघाला. गेट चालत पाच मिनिटांवर होतं. तेवढ्यात त्याच्या बहिणीचं लग्न कुठं अडलंय इथपर्यंत गप्पा झाल्या.