अर्जावर नंबर कुणाचा?

दरवर्षी जून उजाडला की तेच. हिंगोली-परभणीकडचं लेकरू सीईटी या प्रवेश परीक्षेत चांगले पर्सेंटाइल आणतं आणि कॅपच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या केंद्रीय प्रक्रियेच्या, अर्जावर मोबाइल नंबर असतो नेट कॅफेवाल्याचा! ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्या वहीत. जागा लागल्याचा मेसेज तिथंच पडून राहतो आणि मुदतीत स्वीकारली नाही की जागा गेली. आईबाप प्रवेश मार्गदर्शकाकडे येतात ते त्यानंतर. लॉगिनच हातात नसेल तर मार्गदर्शकानं करायचं काय? पसंतीक्रमही कॅफेवालाच भरतो, दहा-बारा कॉलेजं, तीही अंदाजपंचे. अहो, मागच्या वर्षीचे कटऑफ फुकट बघायला मिळतात. आवडीचं कॉलेज वर, हमखास मिळणारं खाली, अशी यादी घरी कागदावर करून न्या ना!

कागदपत्रांचं तर विचारूच नका. ओबीसी वगैरेंना लागणारं नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं, हे निकालानंतर आठवतं, मग दाखले देणाऱ्या सेतू केंद्रासमोर रांग. राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाकायचा असतो. वडिलांची किंवा चुलत्याची व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, असेल तर ती जोडा, पुष्कळ सोपं जातं. आणि बँक खातं आधारला जोडलंय का, ते आजच बघा. नाहीतर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात येत नाही.