रिव्ह्यूचे दीडशे रुपये देणार कोण?

सध्या खान्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एका मेसेजने धुमाकूळ घातलाय. समाजाचा ग्रुप, केळीवाल्यांचा ग्रुप, दहावीची बॅच, बायकांची भिशी, कुणालाच त्याने सोडलेलं नाही. हिरव्या टिकमार्कांची माळ लावलेला तो मजकूर थोडक्यात असा:

‘गूगल मॅपवर आणि शॉपिंग साइटवर रिव्ह्यू लिहिणारे आपण सगळे फुकटचे नोकर आहोत. आपल्या जिवावर कंपन्या कोट्यवधी कमावतात. अमेरिकेत कोर्टाने अशा लोकांना पैसे द्यायला लावले. भारत सरकारनेही 2022 मध्ये नियम काढून मोबदला बंधनकारक केला, पण कंपन्या लपवतात. तुमच्या खात्यातला एक पॉइंट म्हणजे एक रुपया. पैसे मिळू लागले की खोटे रिव्ह्यू आपोआप बंद होतील. हक्क मिळवा, खालच्या लिंकवर नोंदणी करा, प्रत्येक रिव्ह्यूला 150 रुपये थेट खात्यात.’

असल्या मेसेजांना मी एरवी उत्तर देत नाही. पाठवणारा ‘आला तसा पुढे ढकलला’ म्हणून मोकळा होतो, आपण मात्र ग्रुपात वाईट ठरतो. पण हा मला अमळनेरहून माझ्या पुतणीने पाठवला आणि खाली विचारलं, ‘काका, हाई खरं शे का? माले भेटतीन का पैसा?’ पोरगी टी.वाय.ला आहे. मॅपवर मनापासून लिहिते. मनुदेवीचा धबधबा उन्हाळ्यात कोरडा असतो, तेव्हा त्यासाठी लांबून येऊ नका, अमुक खानावळीत भरीत झकास, पण कळण्याची भाकरी संध्याकाळीच मिळते, असलं कामाचं. हा मेसेज वाचून तिला आपण आजवर लुबाडले गेलो असं वाटायला लागलं होतं, आणि लिंकवर आधार कार्डाचा फोटो टाकायची तयारीही झाली होती. म्हणून हा उपद्व्याप. मेसेजचा क्रम मी पाळणार नाही. सगळ्यात घातक गोष्ट त्याने शेवटी ठेवलीय, ती आधी घेतो.

‘लिंकवर नोंदणी करा, प्रत्येक रिव्ह्यूला 150 रुपये’

हा सापळा आहे, आणि बराच जुना आहे. पोलीस त्याला ‘टास्क फ्रॉड’ म्हणतात. त्याची रीत ठरलेली असते. लिंक दाबली की तुम्ही टेलिग्रामवर जाता. तिथे एक ‘मॅडम’ गोड बोलते, स्वतःला कंपनीची रिसेप्शनिस्ट म्हणवते. ती कुठल्यातरी दूरच्या हॉटेलाचा मॅपवरचा पत्ता देते; पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला की खरोखर दीडशे रुपये येतात. दुसऱ्याचेही येतात. इथेच माणूस फसतो, कारण ‘पैसे तर आले ना भाऊ!’ यापुढे कुणाचं काही चालत नाही.

मग तुम्हाला मोठ्या ग्रुपात घेतलं जातं. तिथे रोज कुणीतरी ‘आज 8 हजार निघाले’ म्हणून फोटो टाकतं. ती सगळी त्यांचीच माणसं. आता ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतो: हजार भरा, तेराशे मिळतील. मिळतातही. मग पाच हजार, मग तीस हजार. एका वेबसाइटवर तुमच्या नावावर रक्कम फुगताना दिसते, पण ती निव्वळ पडद्यावरची. काढायला गेलात की सुरू होतं: तुमच्याकडून टास्कमध्ये चूक झाली, क्रेडिट स्कोअर घसरला, आधी टॅक्स भरा, मग खातं मोकळं होईल. आधीचे अडकलेत म्हणून माणूस आणखी भरतो. बायकोच्या पोतीवर कर्ज काढूनही भरतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते. सुरुवातीला आलेले ते दीडशे रुपये अनेकदा दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाच्या खात्यातून फिरत आलेले असतात. त्याने तक्रार केली की पोलीस पैशांचा माग काढत येतात आणि तुमचं खातंही गोठतं. त्याच खात्यात केळीचं पेमेंट किंवा स्कॉलरशिप येत असेल, तर बसा मग बँकेच्या पायऱ्या झिजवत.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा अर्धवेळ कामाच्या नावाखाली चालणाऱ्या 100 पेक्षा जास्त वेबसाइट बंद केल्या. त्या परदेशातून चालवल्या जात होत्या, आणि त्यांचं लक्ष्य कोण होतं तेही मंत्रालयानेच सांगितलंय: निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण. म्हणजे आपल्या ग्रुपात जे आहेत तेच.

बरं, फसवणूक क्षणभर बाजूला ठेवा आणि साधा हिशेब करा. महामार्गावरच्या ढाब्यावर शेवभाजीची प्लेट 120 रुपयांना. तिच्यावर दोन ओळी लिहायला कुणी 150 रुपये का देईल? एवढा प्रश्न दहावीच्या बॅचमधल्या एकालाही पडू नये? आमच्या बॅचमध्ये दोन गणिताचे शिक्षक आहेत.

‘सरकारने 2022 मध्ये मोबदला बंधनकारक केला’

ही थाप मला सगळ्यात जास्त झोंबली, कारण 2022 चा नियम खरोखर आहे आणि तो याच्या बरोब्बर उलटं सांगतो.

त्याचं नाव आयएस 19000:2022. ऑनलाइन ग्राहक रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे तपासायचे, कसे प्रसिद्ध करायचे याचं हे मानक. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ते जाहीर केलं, बनवलं भारतीय मानक ब्युरोने. सोन्यावर हॉलमार्क लावणारा बीआयएस तो हाच, तेव्हा जळगावच्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. या मानकात स्पष्ट म्हटलंय की विकत घेतलेले रिव्ह्यू, किंवा विक्रेत्याने अथवा त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी त्याच कामाला ठेवलेल्या माणसांनी लिहिलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करायचे नाहीत. रिव्ह्यू लिहिणारा खरा माणूस आहे का, हे ईमेल, फोन किंवा एसएमएसवरून पडताळायच्या पद्धतीही त्यात दिल्या आहेत. मोबदल्याची सक्ती? त्यात मोबदला आला की रिव्ह्यूच बाद.

मानक सुरुवातीला ऐच्छिक ठेवलं होतं, हे खरं. कंपन्यांनी ते मनापासून पाळलं असं माझंही म्हणणं नाही. पण ‘बंधनकारक केलं आणि कंपन्या लपवतात’ हे कुठून काढलं? त्याच वर्षी जून महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर नियमावली काढली. एखाद्या वस्तूची भलामण करणाऱ्याचं त्या कंपनीशी पैशाचं नातं असेल, आणि लोकांना त्याची कल्पना येण्यासारखी नसेल, तर ते उघड सांगायला हवं, असं त्यात आहे. म्हणजे पैसे घेऊन गुपचूप ‘छान आहे’ लिहिणारा हक्क मागत नसतो, जाहिरात लपवत असतो.

‘एक पॉइंट म्हणजे एक रुपया’

नाही. गूगलच्या लोकल गाइड योजनेत रिव्ह्यूला 10 पॉइंट मिळतात, 200 अक्षरांच्या वर लिहिलं तर आणखी 10, फोटोला 5. लाख पॉइंट झाले की दहावी पातळी. त्यातून मिळतो तो नावापुढचा बिल्ला. पैसे नाहीत, कधी नव्हते. ज्यांनी ‘माझे 4 हजार रुपये अडकलेत’ असं ग्रुपात लिहिलंय त्यांनी पाणी प्यावं.

‘अमेरिकेत कोर्टाने पैसे द्यायला लावले’

इथे मात्र थोडं थांबावं लागतं, कारण धागा कुठून आला ते दिसतं. एओएल नावाची इंटरनेट कंपनी होती. चॅटरूम सांभाळायला तिने हजारो ‘स्वयंसेवक’ ठेवले होते. त्यांना प्रशिक्षण होतं, वेळापत्रक होतं, कामाचा अहवाल द्यावा लागायचा. 1999 मध्ये त्यांनी दावा लावला आणि 2010 मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. कोर्टाचा हुकूम नव्हे, तडजोड. तरीही त्या लोकांची बाजू मला पटते. ठरल्या वेळेला हजर राहायचं, वरच्याला जाब द्यायचा, तर त्याला नोकरीच म्हणतात.

रिव्ह्यूवाल्यांचं काय झालं तेही ऐका. येल्प या साइटवर रिव्ह्यू लिहिणाऱ्या काहींनी ‘आम्ही कर्मचारी आहोत, पगार द्या’ म्हणून दावा केला होता. 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने तो फेटाळला. हवं तेव्हा, हवं तिथलं, हवं ते लिहायचं. न लिहिलं तर कुणी विचारत नाही. याला नोकरी कसं म्हणणार? मेसेज लिहिणाऱ्याने पहिल्या खटल्याचा शेवट उचलला आणि दुसऱ्या खटल्यातली माणसं त्याला चिकटवली.

‘आपल्या जिवावर कंपन्या कमावतात’

कमावतात. हे मी मान्य करतो, मनाविरुद्ध. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्याकडे जाणारा रस्ता कुठे संपतो, तोरणमाळच्या घाटात मोबाइलला कुठे रेंज जाते, हे कंपनीचा कुणी साहेब येऊन बघत नाही. तिथला पोरगा टाकतो तेव्हा मॅपला कळतं, आणि त्या मॅपवर जाहिराती विकून पैसा करते ती कंपनी. यावर राग येणं साहजिक आहे. रस्ता दुरुस्त करणं, नवं ठिकाण टाकणं, दुकानाची वेळ तपासणं, या कामांना कंपनीने काही दिलं तर माझी हरकत नाही, कारण रस्ता असतो किंवा नसतो, त्यात माझं-तुझं मत येत नाही. रिव्ह्यू हे मत आहे. नगावर पैसे लागले की मत उरत नाही, नग उरतात.

‘पैसे मिळू लागले की खोटे रिव्ह्यू बंद होतील’

याला धाडस लागतं. व्यापाऱ्याच्या पगारावरचा माणूस काट्यावर बसवायचा आणि केळीचं वजन खरं येईल म्हणायचं! रावेर-सावद्याच्या शेतकऱ्याला जाऊन हे सांगून पाहा.

आताच काय चाललंय बघा ना. धुळ्याजवळच्या एका हॉटेलात बिलाच्या काउंटरवर क्यूआर कोड लावलाय: पाच स्टार द्या, मठ्ठा फुकट. मठ्ठा बरा होता, भाजीत मात्र तेलाशिवाय काही नव्हतं. रेटिंग 4.8. पैसे, सूट, फुकटची वस्तू देऊन घेतलेले रिव्ह्यू गूगलच्या नियमातही बसत नाहीत, पण एका मठ्ठ्यावर माणूस विकला जातो हे खरं. तिथे दीडशे रुपये लावले तर काय होईल? बिल्ल्याच्या नुसत्या पॉइंटांसाठी लोक दिसेल त्या जागेला स्टार वाटत सुटतात. आमच्या तालुक्यातल्या एका स्मशानभूमीला पाच स्टार आहेत आणि खाली लिहिलंय, ‘छान जागा, फॅमिलीसोबत अवश्य भेट द्या.’ हे फुकटात. पैसे दिल्यावरचं विचारूच नका.

ॲमेझॉनने हा अनुभव घेऊन झालाय. विक्रेत्याने फुकट किंवा सवलतीत वस्तू द्यायची आणि त्या बदल्यात रिव्ह्यू घ्यायचा, ही पद्धत तिथे पूर्वी चालायची. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने ती बंद केली. स्वतःची एक योजना तेवढी ठेवली, जिच्यात वस्तू मिळते, रोख नाही. अमेरिकेच्या सरकारने तर ऑक्टोबर 2024 पासून खोट्या रिव्ह्यूंवर, आणि ‘चांगलंच लिहा’ किंवा ‘वाईटच लिहा’ अशा अटीवर विकत घेतलेल्या रिव्ह्यूंवर बंदीच आणली. मेसेजवाला अमेरिकेचा दाखला देतो, पण हा देत नाही.

एक आक्षेप ग्रुपातल्या आप्पांनी घेतला, तो मेसेजपेक्षा शहाणा होता. पेपरात नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्याला मानधन मिळतंच ना, मग ते काय विकलेलं असतं? नसतं, आप्पा. त्याला पैसे पेपर देतो, नाटकवाला देत नाही. परीक्षण वाईट आलं म्हणून मानधन कापलं जात नाही, खाली त्याचं नाव असतं आणि चुकला तर संपादकाला वाचकांची पत्रं येतात. दिवसाला वीस हॉटेलं ‘परीक्षणारा’ आणि त्यातलं एकही न पाहिलेला माणूस या पंगतीत कसा बसेल?

आता कामाचं. लिंकवर आधार, पॅन, बँकेचा तपशील दिला असेल तर आधी बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लाज बाळगत बसू नका, लगेच 1930 ला फोन लावा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. हॉटेलाने पाच स्टारसाठी गळ घातली, दुकानदाराने वाईट रिव्ह्यू काढायला धमकावलं, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी तो ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करावा. व्हॉट्सॲप त्याला साधारण अडीच दिवस मुदत देतं. ती उलटून गेली असेल तर प्रत्येक ग्रुपात जाऊन ‘मी पाठवलेलं खोटं होतं’ असं टाइप करावं लागेल. नाना, तुम्ही सात ग्रुपांत टाकलाय.